व्यासपीठाचं नंतर बघू, आधी हजेरीपट दाखवा

नाशिकच्या सांस्कृतिक संस्थांमध्ये काम करणारी माणसं कुठून येतात, हा प्रश्न अलीकडे एका परिसंवादात निघाला आणि अर्ध्या तासात त्याचं व्हायचं तेच झालं. एका बाजूने 'कलेला जात नसते' हे ठेवणीतलं वाक्य आलं. दुसऱ्या बाजूने 'मग तुमच्या व्यासपीठावर आमची माणसं किती?' असा हिशेब आला. पहिल्यांना दुसरे भांडखोर वाटले, दुसऱ्यांना पहिले ढोंगी वाटले, आणि सूत्रसंचालकाने घड्याळाकडे बघत सगळ्यांचे आभार मानून टाकले. माझं म्हणणं असं, की दोन्ही बाजू भलत्याच जागेवर भांडत होत्या. व्यासपीठावर कोण बसतं हा त्यातल्या त्यात सोपा प्रश्न, आणि तो बराचसा सुटलेलाही आहे. अडलेला प्रश्न पगाराचा आहे. संस्थेच्या हजेरीपटावर कोणाची नावं आहेत, ती तिथवर कशी पोचली, त्यातली कोणती वर सरकतात आणि कोणती निवृत्तीपर्यंत शिपायाच्या स्टुलावरच राहतात, हे कोणी विचारत नाही. भरतीची रीत, वेतन आणि बढतीचे नियम यांना हात घातल्याशिवाय या संस्था सगळ्या नाशिकच्या होणार नाहीत, मग व्यासपीठावर कोणालाही बसवा.

व्यासपीठाचा प्रश्न बराचसा सुटला आहे असं म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावतील, म्हणून इथलेच दाखले देतो. २००५ साली नाशिकला भरलेल्या ७८व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दलित साहित्यातले केशव मेश्राम होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक आणि विहितगावचे दलित कथाकार बाबुराव बागूल यांची नावं घेतल्याशिवाय आज या शहरात साहित्यावरचं कोणतंही भाषण पुढे सरकत नाही, मग बोलणारा कोणत्याही गोटातला असो. डिसेंबर २०२१ मध्ये तर आडगावला भुजबळ नॉलेज सिटीत ९४वं संमेलन आणि त्याच दिवसांत केटीएचएम महाविद्यालयाच्या मैदानावर त्याला पर्याय म्हणून भरणारं विद्रोही साहित्य संमेलन, असे दोन मांडव एकाच शहरात पडले. कोणत्या मांडवात कोण वक्ता, कोणाचं नाव गाळलं, कोणाचं घुसवलं, यावर शहराने चवीने चर्चा केली. चर्चा गैर नव्हती. पण दोन्हीकडच्या सतरंज्या उचलणारी, कर्णे बांधणारी, रात्री दोनला खुर्च्यांच्या थप्प्या लावणारी मुलं बहुधा एकाच चार-पाच वस्त्यांतली असणार, आणि संमेलन संपल्यावर त्यांतल्या एखाद्याला कुठल्या संस्थेत कायमची नोकरी लागली का, हा प्रश्न ना इकडच्या मांडवात निघाला ना तिकडच्या.

दुसरं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मोठ्या कार्यक्रमाचं उद्घाटन असलं की सुरगाणा किंवा पेठ या आदिवासी तालुक्यांतून पावरी नाहीतर तारपा वाजवणाऱ्यांना बोलावतात. पाहुणे गाडीतून उतरले की त्यांना वाजवत-नाचत सभागृहाच्या दारापर्यंत न्यायचं. दार आलं की वाद्य थांबतं, पाहुणे आत जातात, दीपप्रज्वलन होतं, आणि वाजवणारे बाहेरच्या पायऱ्यांवर बसून चहा पितात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो मात्र त्यांचाच, कारण हारतुऱ्यांपेक्षा तो केव्हाही देखणा. निमंत्रणपत्रिका काढून बघा. गायकाचं नाव असतं, तबलजीचं असतं, संवादिनीच्या साथीचं असतं, निवेदिकेचंही असतं. आणि सगळ्यात खाली 'आदिवासी नृत्यपथक'. पथकाला नाव नसतं, गाव नसतं. २०११च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्यातली साधारण एक-चतुर्थांश माणसं अनुसूचित जमातींची आहेत. कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल या समाजांकडे बोहाड्याची, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाची, सोंगं आहेत, मुखवटे घडवणारे हात आहेत, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवातली रात्ररात्र चालणारी गाणी आहेत. म्हणजे कला आहे, कलावंत आहेत, निमंत्रणही आहे. नाही ते एवढंच, की कार्यक्रम ठरवणाऱ्या टेबलापाशी त्या भागातलं कोणी पगारी माणूस नाही. असतं, तर त्याने पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं की पावरीवाल्याचं नाव अमुक आहे, तो एकटा तासभर सभागृह धरून ठेवू शकतो, आणि बोहाडा उन्हाळ्याच्या तोंडाला होतो, तुमच्या आर्थिक वर्षाच्या सोयीने होत नाही. हे सांगायला सहृदय अध्यक्ष पुरत नाही. त्याला ते ठाऊकच नसतं.

इथे हमखास एक उत्तर मिळतं, की नाशिकला हे शिकवू नका, काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह याच शहरात झाला. झाला, आणि त्याचा अभिमान बाळगायलाच हवा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं लावून धरला, आणि पुढे कुसुमाग्रज म्हणून ओळखले गेलेले तरुण शिरवाडकरही त्यात उतरले होते. पण त्या लढ्याची पुढची गोष्ट आपण सांगत नाही. दार उघडेना, तेव्हा बाबासाहेबांनी त्या दाराचाच नाद सोडला आणि १९३५ मध्ये, याच जिल्ह्यातल्या येवल्याला, धर्मांतराची घोषणा केली. तोवर त्यांच्या लेखी प्रश्न दर्शनाचा उरलेला नव्हता. माणूस म्हणून बरोबरीचा आणि सत्तेतल्या वाट्याचा झाला होता. आज नाट्यगृहाच्या दारात कोणालाही कोणी अडवत नाही. तिकीट काढा, आत या. दर्शन सर्वांना खुलं आहे. पण दर्शनाला सोडणं वेगळं आणि कारभारात घेणं वेगळं, हे ज्या शहराने नव्वद वर्षांपूर्वी जवळून पाहिलं त्याच शहरात 'आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे' हे वाक्य उत्तर म्हणून कसं चालतं?

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ, कारण ते खोटं नाही. या संस्था कोणी फुकटच्या जमिनीवर, फुकटच्या पैशावर उभ्या केलेल्या नाहीत. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. लोकहितवादी मंडळ १९५० मध्ये कुसुमाग्रजांच्या पुढाकाराने निघालं. या आणि अशा संस्थांसाठी माणसांनी स्वतःच्या संध्याकाळी दिल्या, घरच्या लग्नकार्यातून वेळ काढून पावत्या फाडल्या, पदरचे पैसे घातले. आजही बऱ्याच ठिकाणी कार्यवाहाला एक पैसा मिळत नाही. अशा माणसाला 'तुमची संस्था एकाच वर्गाची आहे' असं सुनावणं कृतघ्नपणाचं वाटतं, आणि वाटणं स्वाभाविक आहे. त्यांचं ऋण मी मान्य करतो. पण त्याच ऋणाच्या पोटात अडचण बसलेली आहे. विनामोबदला संध्याकाळ कोण देऊ शकतं? ज्याचा दिवस साडेपाचला संपतो, ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार आणि साठीनंतर पेन्शन आहे, ज्याच्या घरी स्वयंपाक दुसरं कोणी करतं. बँक, विमा, महाविद्यालय, नोटा छापणारं नाशिकरोडचं प्रेस, सरकारी कचेऱ्या यांनी या शहराच्या सांस्कृतिक जीवनाला नकळत केवढं अनुदान दिलं आहे, याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडायला हवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीने जाणाऱ्याला, शनिवार-रविवारी भाजीची गाडी लावणाऱ्या बाईला ती संध्याकाळ नसतेच. सेवाभाव त्यांच्याकडेही आहे. रिकामी संध्याकाळ नाही. त्यामुळे जिथे काम फुकट चालतं तिथे भरती आपोआप एकाच थरातून होते, कोणाच्या मनात भेदाचा लवलेश नसला तरीही.

आणि फुकटच्या कामाचा इतिहास तर आपल्याकडे थेट फाळक्यांपर्यंत जातो. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांचं स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे. मुंबईत पहिला चित्रपट केल्यावर त्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला आणला. त्या सगळ्या खटाटोपात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनांच्या कामात हात घालत होत्या आणि वर सगळ्या ताफ्याचं जेवणखाणही बघत होत्या. पगारी नोकर म्हणून कोणत्या वहीत त्यांचं नाव चढलं असेल? घरच्या माणसाचं काम मोजायचं नसतं, ही सवय तिथपासूनची. आजच्या संस्थेत ती 'मानधन' या रूपाने राहते: काम नोकरीचं, तास नोकरीपेक्षा जास्त, आणि रक्कम अशी की ती घेणारा दुसऱ्या कोणाच्या तरी पगारावर जगत असला पाहिजे. इंग्लंडमध्ये २०१८ साली संशोधकांनी कलाक्षेत्रातल्या नोकऱ्यांची वर्गनिहाय पाहणी केली, तेव्हाही हेच दिसलं, की विनावेतन काम ही तिथल्या प्रवेशाची न लिहिलेली अट होऊन बसली आहे, आणि घरचा आधार असलेल्यांना ती परवडते, बाकीच्यांना दुरूनच माघारी फिरवते. देश वेगळा, समाज वेगळा. कुलूप एकाच कंपनीचं.

जिथे पगार आहे तिथे तो कोणाला मिळतो? एका संस्थेतली जागा कशी भरली गेली ते मी जवळून पाहिलं, संस्थेचं नाव महत्त्वाचं नाही. कार्यक्रम सहायकाची एक जागा. जाहिरात म्हणजे टाइप केलेला एक कागद, आणि तो लावला सभासदांच्या वाचन-कक्षातल्या फळ्यावर, काचेच्या आत. पात्रता: कोणतीही पदवी, मराठी-इंग्रजी टंकलेखन, 'कलेची आवड', संध्याकाळी व सुटीच्या दिवशी काम करण्याची तयारी. अर्ज आले ते अर्थातच काचेपुढे उभं राहणाऱ्यांच्या भाच्या-पुतण्यांचे. निवडलेला मुलगा चांगला होता, कामसूही होता, निवड समितीतल्या कोणी पैसे खाल्ले नव्हते की कोणाला मुद्दाम डावललं नव्हतं. मला या प्रकरणाचं हेच भयंकर वाटतं. पेठ रोडला वसतिगृहात राहून शिकणारी, नाट्यशास्त्राची पदविका घेतलेली एक मुलगी मला माहीत होती. तिला जागा निघाल्याचं कळलं ती भरून गेल्यावर. आणि कळलं असतं तरी तिने काय केलं असतं? प्रयोग सुटतो साडेदहा-अकराला. वसतिगृहाचं दार त्याच्या आधी बंद होतं, गावाकडची शेवटची एसटी त्याच्याही आधी निघून गेलेली असते. 'संध्याकाळी काम करण्याची तयारी' ही अट लिहिणाऱ्याला ती साधी वाटते, कारण त्याचं घर गंगापूर रोडला आहे आणि खाली स्कूटर उभी आहे. रात्रीच्या रिक्षाचे पैसे संस्थेने द्यायचे ठरवले तर महिन्याला किती होतील, हा विचार त्या कागदावर उमटलेला नव्हता.

दुसरा मोठा आक्षेप दर्जाचा. कला हे क्षेत्र असं, की इथे चुकीचा माणूस बसला तर नुकसान लगेच दिसतं: ग्रंथसूची बिघडते, जुनी हस्तलिखितं खराब होतात, महोत्सवाचा विचका होतो. 'भरतीत सामाजिक हिशेब आणलात तर दर्जा घसरेल' हे म्हणणाऱ्याला मी लगेच जातीयवादी म्हणणार नाही. त्याला भीती आहे आणि भीतीला आधार आहे. सरकारी सांस्कृतिक खात्यांमध्ये नेमणुका झाल्या की कामाचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे (तो दोष वशिल्याचा असतो, पण बदनाम दुसरंच काही होतं). मात्र मराठी रंगभूमीच्या माणसाने तरी हा आक्षेप घेताना जरा मागे वळून बघावं. स्त्रीभूमिका पुरुषांनी करायच्या, ही आपल्याकडे फार काळ नुसती अडचणीतली सोय राहिली नव्हती. ती अभिरुचीची खूण झाली होती. बालगंधर्वांचं काम इतकं थोर होतं की स्त्रीने स्त्रीची भूमिका करणं हेच कमअस्सल वाटू लागावं. १९२९ मध्ये हिराबाई बडोदेकरांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढून स्त्रियांना रंगभूमीवर आणलं, १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने स्त्रीभूमिका स्त्रियांना दिल्या, आणि रंगभूमी काही बुडाली नाही. फाळक्यांना १९१३ साली तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून त्यांनी मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना उभं केलं, आणि हाच माणूस चार वर्षांनी एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही झाला. गुण होताच, पण तो जिथे होता तिथे शोधायला कोणी गेलं नव्हतं. फाळके गेले तेही नाइलाजाने.

अमेरिकेतल्या मोठ्या वाद्यवृंदांची हकीकत याच्याशी जुळते. तिथे १९७० च्या सुमारास अव्वल वाद्यवृंदांत स्त्रिया शंभरात पाचही नव्हत्या. शतक संपता संपता त्या चौथ्या हिश्श्यावर आल्या. त्याचं श्रेय सहसा पडद्याला देतात, म्हणजे वादक पडद्याआड बसून वाजवतो आणि परीक्षकांना फक्त सूर ऐकू येतो. पडद्याचा नेमका परिणाम किती, यावर नंतर अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत आणि त्या हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. पण त्याच काळात आणखी एक बदल झाला होता, ज्याबद्दल कमी बोललं जातं. आधी संगीत संचालक आपल्या ओळखीच्या गुरूंचे शिष्य बोलावून जागा भरत असत. नंतर जागांच्या उघड जाहिराती निघू लागल्या आणि शेकड्यांनी अर्जदार येऊ लागले. दर्जा राखण्यासाठी दार आवळायचं असतं ही समजूत तिथे टिकली नाही. आपल्या मुलाखतींत तर दर्जा म्हणून आपण मोजतो तरी काय? बऱ्याचदा 'ण' नीट येतो का, पाहुण्यांशी सफाईने बोलता येतं का, 'आपल्यासारखं' वागणं जमतं का. ही सफाई घरून येते. ग्रंथसूची बनवण्याशी किंवा प्रयोग वेळेवर सुरू करण्याशी तिचा संबंध बेताचाच.

मात्र इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांनाही थांबवायचं आहे, कारण 'खुली स्पर्धा, लेखी परीक्षा, पदवीची अट, की झालं' असं म्हणणारेही त्यांच्यात आहेत. पंचवटीत ज्यांनी आपला रामनाम आश्रम उभा केला त्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं घराण्याच्या आणि दरबाराच्या बंदोबस्तातून सोडवून शाळेत आणलं: अभ्यासक्रम, स्वरलिपी, फी, परीक्षा. गुरूच्या घरी पाणी न भरता गाणं शिकता येतं, हे मध्यमवर्गीय मुलामुलींना त्यामुळे कळलं, आणि हे काम केवढं मोठं होतं ते वेगळं सांगायला नको. पण त्याच नव्या, सभ्य, प्रमाणपत्रांच्या जगात पिढीजात उस्तादांना आणि गाणाऱ्या कलावंतिणींना जागा अरुंद होत गेली, हेही इतिहासकारांनी दाखवलेलं आहे. एक दार उघडताना दुसरं लागलं. निकष कितीही निष्पक्ष दिसो, त्याने कोण गळतं हे बघावंच लागतं. पदवीची अट घातली तर मुखवटे घडवणारा बोहाड्याचा कारागीर वस्तुसंग्रहालयात रखवालदारच होईल, आणि मुखवट्याखालची चिठ्ठी लिहिणारा पदवीधर त्याच्याकडूनच माहिती विचारून घेईल.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. एका नाट्यगृहातला प्रकाशाचा कामगार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. गाव आणि नाट्यगृह दोन्ही सांगत नाही. कोणत्या बारवरचं कोणतं सॉकेट सैल आहे, डिमरचा कुठला चॅनल पावसाळ्यात दगा देतो, कुठल्या विंगेत स्पॉट लावला की पहिल्या रांगेच्या डोळ्यांवर येतो, सगळं त्याला तोंडपाठ. दौऱ्यावर येणारे नाववाले प्रकाशयोजनाकार आल्या आल्या त्याला शोधतात. पण तो संस्थेचा नोकर नाही, ठेकेदाराचा आहे. ठेका बदलला की तो नव्याने कामाला लागतो, वयाने तेवढा मोठा आणि कागदावर पुन्हा उमेदवार. नाट्यगृहाचं नूतनीकरण ठरलं तेव्हा बाहेरून सल्लागार आले, आराखडे झाले, सादरीकरण झालं, आणि बैठक चालू असताना हा त्याच इमारतीत शिडीवर होता. त्याला कोणी विचारलं नाही. विचारायचं कशाला, तो तर लाइटवाला. काम पूर्ण झालं तेव्हा कंट्रोल रूमची काच अशा उंचीवर बसली होती की खुर्चीवर बसलेल्याला रंगमंचाचा पुढचा भाग दिसत नाही. आता तो तीन-तीन तास उभ्याने प्रयोग काढतो. संस्था एकसाची असण्याचा तोटा वंचितांना होतो तसा संस्थेलाही होतो, आणि तो असा लाखो रुपये मोजून होतो. कोणाला हे न्यायाच्या भाषेत पटत नसेल तर निदान खर्चाच्या भाषेत पटावं.

इथून शंभरेक किलोमीटरवर मालेगाव आहे. तिथल्या यंत्रमागांवर राबणाऱ्या, छोटी दुकानं चालवणाऱ्या पोरांनी हातात येईल त्या कॅमेऱ्याने चित्रपट काढले, स्वतः लिहिले, स्वतः जोडले, आणि शुक्रवारच्या सुटीला गर्दी खेचून दाखवले. जगभरातल्या लोकांनी त्यांच्यावर कौतुकाने माहितीपट पाहिले. शून्य पैशात माणसं जमवून, वेळेत काम पुरं करून प्रेक्षक आणणं याला व्यवस्थापन म्हणतात. महोत्सवाच्या आयोजकाकडून आपण दुसरं काय मागतो? पण नाशिकच्या महोत्सवाला माणूस हवा असला की आपली नजर पुण्याकडे जाते, कसारा घाटाखाली मुंबईकडे जाते. चांदवडच्या पलीकडे जात नाही. १९३०च्या दशकात नाशिक जिल्हा युवक संघाच्या नावाने भीमराव कर्डकांनी आंबेडकरी विचार गाण्या-नाट्यातून सांगणारा जलसा उभा केला, गावोगाव नेला, रात्री-अपरात्री मुक्काम, प्रवास, विरोध सगळं सांभाळत. सांस्कृतिक संघटन म्हणजे काय हे या जिल्ह्यात ज्यांनी सगळ्यात कठीण परिस्थितीत करून दाखवलं, त्यांच्या नातवंडांकडे 'अनुभव नाही' म्हणून बोट दाखवणं जरा अतीच होतं.

राहिल्या दोन शंका, दोन्ही रास्त. पहिली: आमच्या कार्यालयात माणसं तीन, त्यांत कसली विविधता मोजता? बरोबर आहे, तिघांवरून काही ठरत नाही. म्हणून एका संस्थेचा एका वर्षाचा हिशेब मागूच नये. दहा वर्षांत भरलेल्या सगळ्या जागा, मानधनावर घेतलेले सगळे, ठेकेदाराची माणसं, कार्यकारिणी, परीक्षक, हे सगळं शहरातल्या सगळ्या संस्थांचं एकत्र करा, मग चित्र दिसेल. शिवाय त्या तिघांत शिपाई कोण आणि व्यवस्थापक कोण, हा प्रश्न तिघांच्या कार्यालयातही विचारता येतो. दुसरी शंका जास्त टोचणारी आहे: जात-धर्म विचारून तुम्ही माणसाला पुन्हा त्याच चौकटीत बसवता. जे आयुष्यभर आडनावाच्या ओझ्यातून सुटायला धडपडले, त्यांतले कित्येक नोकरीच्या ठिकाणी हा रकाना बघून हबकतील. म्हणून तो रकाना ऐच्छिक हवा, कागदावर नाव नको, आणि बेरीज संस्थेबाहेरच्या कोणी करावी. जातीबरोबर तालुका विचारा, घरात बोलली जाणारी भाषा विचारा, घरातला पहिला पदवीधर कोण ते विचारा, अपंगत्व विचारा. इंग्लंडची आर्ट्स कौन्सिल ज्या संस्थांना नियमित पैसा देते त्यांच्याकडून कर्मचाऱ्यांची अशी माहिती घेते आणि छापते. तिथली विषमता त्याने संपलेली नाही. पण 'आमच्याकडे असलं काही नसतं' हे वाक्य निदान आकड्यासमोर उभं राहून म्हणावं लागतं. आकडा नसला की त्याची जागा आडनावं घेतात. लोक पत्रिकेवरची आडनावं मोजत बसतात आणि त्या मोजणीचा राग वर्षानुवर्षं साठत जातो.

सुरुवात महापालिकेपासून व्हावी असं मला वाटतं, कारण तिला टाळता येण्यासारखी सबब नाही. कालिदास कलामंदिर तिचं, दादासाहेब गायकवाड सभागृह तिचं, फाळके स्मारक तिचं. तिच्या कायम आस्थापनेवरच्या पदांना आरक्षणाचे नियम लागतात, पण सफाई, सुरक्षा, ध्वनी-प्रकाश अशी कामं ठेक्याने गेली की माणसं ठेकेदार निवडतो आणि हिशेब तिथेच मिटतो. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात पैसा येतो आहे, त्याबरोबर कार्यक्रमांचे, सजावटीचे, सोहळ्यांचे ठेकेही निघणार. त्या निविदांमध्येच अट घालता येईल, की जागांची जाहिरात सुरगाण्या-पेठच्या तहसील कचेरीपासून जुन्या नाशकातल्या उर्दू शाळांपर्यंत लागली पाहिजे, ठेकेदार बदलला तरी कामगार आणि त्याची वर्षं कायम राहिली पाहिजेत, आणि रात्री दहानंतरच्या कामाला घरी पोचवण्याची जबाबदारी ठेक्यातच धरली पाहिजे. खासगी न्यासांवर अशी सक्ती नको. तिथे सभासद आहेत. कार्यक्रमांच्या खर्चातून वर्षाला दोन पगारी उमेदवाऱ्या काढायच्या, आधीपासून आत असलेल्या शिपाई-मदतनीसांना त्यांसाठी पहिला अर्ज करू द्यायचा, आणि वार्षिक अहवालात ताळेबंदाशेजारी हजेरीपटाचं एक पान छापायचं, असा ठराव कोणताही सभासद मांडू शकतो. वार्षिक सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका छापायला जाण्याआधी तो कार्यवाहाच्या हातात पडायला हवा, एवढंच. सूचक आणि अनुमोदक मिळून दोन सह्या लागतात.